पन्हळ काळी पडली? आधी डाग ओळखा, मग हात लावा

कापडाच्या व्यापाऱ्याला आगीपेक्षा पाण्याची धास्ती जास्त असते. आग क्वचित लागते, पाऊस मात्र दरवर्षी येतो. तरीही गोदामाच्या छपराला जी पन्हळ लावलेली असते तिची आठवण आपल्याला होते ती पाणी आत ठिबकू लागल्यावरच. उर्दूत आपण जिला परनाला म्हणतो तीच ही मराठीतील पन्हळ. अरबीत तिला मीज़ाब म्हणतात आणि हाजी लोकांना हा शब्द चांगला ठाऊक आहे. काबाशरीफच्या छपरावरचे पावसाचे पाणी हतीमच्या बाजूला जिथून पडते तोच मीज़ाब-ए-रहमत. सांगायचे इतकेच की, छपराचे पाणी कोठून जावे हा प्रश्न घर बांधण्याइतकाच जुना आहे.

वडाळा, शिवडी, अँटॉप हिल या पट्ट्यात गोदामे भरपूर. जुन्या चाळींना बिडाच्या पन्हळी असत, शेडना सिमेंटच्या किंवा जस्ती पत्र्याच्या. जस्ती पत्रा आपल्याकडच्या खाऱ्या हवेत काही वर्षांत सडतो म्हणून नंतर पुष्कळांनी अॅल्युमिनियमच्या पन्हळी लावून घेतल्या. अॅल्युमिनियम गंजत नाही, अशी त्यामागची समजूत. ती अर्धीच खरी आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही हे खरे. पण त्यावर काळे ओघळ येतात, बुरशी धरते, पांढरी भुकटी सुटते, आणि चुकीच्या औषधाने धुतले तर त्याची चाळण होते. डागाने पन्हळ सहसा मरत नाही, धुणाऱ्याच्या हाताने मरते.

मुंबईत मोसमी पावसाची ठरलेली तारीख ११ जून मानली जाते. त्या हिशेबाने आपण सर्व जण मेच्या शेवटच्या आठवड्यात पत्रेवाल्याला बोलावतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि कुलाबा वेधशाळेतील त्या मे महिन्याच्या पावसाने १९१८ सालचा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. ज्यांच्या पन्हळीत वर्षभराचा पाला तसाच होता, त्यांच्या गोदामात पाणी रस्त्यावरून नव्हे तर वरून आले. पुराचे पाणी येते तेव्हा खालची गाठ भिजते आणि वरच्या वाचतात. पन्हळ तुंबली की उलटे होते. सर्वांत वर रचलेला, म्हणजे बहुधा नुकताच आलेला, महागाचा माल आधी भिजतो.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. आता ४० फूट रुंद आणि १०० फूट लांब शेड घ्या. छपर झाले सुमारे ३७२ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने सर कोसळली तर त्या छपरावरून तासाला साडेअठरा हजार लिटर पाणी उतरते, म्हणजे मिनिटाला सुमारे ३१० लिटर. तेलाच्या १५ लिटरच्या डब्याने मोजले तर दर मिनिटाला २० डबे! दोन्ही उतारांवर ते निम्मेनिम्मे वाटले जाईल. हे सगळे पाणी पन्हळीतून पाइपाच्या चार इंची तोंडाकडे जायचे आहे. त्या तोंडावर दुधाची एक रिकामी पिशवी बसली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. मुंबईवर जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पन्हळीला चार महिने सुट्टी नसते.

डाग किती प्रकारचे

आमच्या धंद्यात डाग पडलेला ताका आला की अनुभवी माणूस आधी विचारतो, डाग कशाचा? तेलाचा, लोखंडाचा की बुरशीचा? प्रत्येकाचे औषध वेगळे. पन्हळीलाही हाच नियम लावावा.

बाहेरच्या अंगावर वरून खाली उतरलेले काळे ओघळ बहुधा काजळीचे असतात. वडाळ्याच्या बाजूला बंदराकडे जाणारी अवजड वाहतूक आहे, माहुल-ट्रॉम्बेकडे तेलशुद्धी कारखाने आहेत. डिझेलचा धूर, रस्त्याची धूळ आणि टायरची पूड छपरावर बसते आणि पहिल्या सरीबरोबर पन्हळीच्या काठावरून ओघळते. त्यात तेलकटपणा असल्याने नुसत्या पाण्याने ती निघत नाही.

काळपट-हिरवट ठिपके, जे सावलीच्या बाजूला आणि सांध्याजवळ जास्त दिसतात, ती बुरशी किंवा शेवाळ. बुरशी धातू खात नाही. ती खाते त्यावर बसलेली धूळ, कबुतरांची विष्ठा आणि कुजलेला पाला. वडाळा-माटुंग्याच्या रस्त्यांवर रेन ट्री आणि सोनमोहर यांची झाडे पुष्कळ आहेत. सोनमोहराची पिवळी फुले ऐन उन्हाळ्यात पन्हळीत पडून सुकतात आणि पावसात चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी पाणी सोडतात. तो तपकिरी डाग गंजाचा समजून लोक त्यावर ॲसिड ओततात.

खरा तांबडा डाग लोखंडाचा असतो, पण तो पन्हळीच्या अंगचा नसतो. पत्र्याचे हूक, नट-बोल्ट, वर ठेवलेली लोखंडी टाकी यांचा गंज वाहून येतो. तो जिथून येतो ती वस्तू रंगवली नाही तर दर वर्षी धुवत बसावे लागेल.

चौथा प्रकार पांढऱ्या भुकटीचा. रंग नसलेल्या अॅल्युमिनियमवर ती धातूच्याच झिजेची खूण आहे. मिठागरांच्या बाजूची खारी हवा तिला कारण होते, कारण मिठातील क्लोराईड अॅल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पाडते. रंगीत पन्हळीवर बोट फिरवून बोटाला रंगाचीच पावडर लागली तर मात्र धातू ठीक आहे, रंग म्हातारा झाला आहे असे समजावे.

आपली पन्हळ अॅल्युमिनियमची आहे की जस्ती पत्र्याची, याची खात्री नसेल तर लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर आत लोखंड आहे.

अॅल्युमिनियमचा स्वभाव

अॅल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साईडचा एक पडदा आपोआप चढतो. तो मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांइतकाच जाड असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण खालच्या धातूचे सगळे रक्षण तोच करतो. ओरखडा पडला तर तो लगेच पुन्हा तयार होतो. फक्त त्याला तीव्र आम्ल आणि तीव्र क्षार ही दोन्ही सोसत नाहीत. घरच्या बायकांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. अॅल्युमिनियमचा कुकर नुसत्या पाण्याने आतून काळा पडतो म्हणून त्या पाण्यात लिंबाची साल टाकतात, आणि अशी भांडी धुण्याच्या सोड्याने घासत नाहीत.

गोदामात मात्र याच्या उलट चालते. साफसफाईचे कंत्राट घेणारा येतो, सोबत कास्टिक सोडा नाही तर संडास धुण्याचे ॲसिड आणतो, आणि पन्हळीत ओततो. लगेच फेस उसळतो. मालक खाली उभा राहून पाहतो आणि खूश होतो की बघा, मळ कसा निघतोय! तो फेस मळाचा नसतो. कास्टिक असो वा हायड्रोक्लोरिक ॲसिड, दोन्ही अॅल्युमिनियमला खातात आणि हायड्रोजन वायू सोडतात. बुडबुडे त्याचे असतात. म्हणजे धातू विरघळतो आहे. आमच्या ओळीतील एका गाळ्यात असेच झाले. पन्हळ चांदीसारखी चमकली, कंत्राटदार पैसे घेऊन गेला, आणि पावसाच्या दुसऱ्या आठवड्यात सांध्याजवळ सुईच्या अग्राएवढी भोके दिसू लागली. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यातून किती काढणार? खाली भिवंडीहून आलेला ग्रे माल होता.

ब्लीचिंग पावडरही टाळावी. तिच्यात चुना असतो आणि ओला चुना अॅल्युमिनियमला चावतो. याच कारणाने, वर प्लास्टरचे काम चालू असेल तर पन्हळीवर ताडपत्री टाकावी. सिमेंटचा ओला थेंब सुकेपर्यंत राहिला तर त्याचा डाग कायमचा. जस्ती पत्र्यालाही हीच पथ्ये लागू आहेत. जस्तसुद्धा आम्ल आणि क्षार या दोहोंनी विरघळते.

साफ कसे करावे

पहिले काम कोरडे. पाला, माती, पिसे, मांजा, पिशव्या हे सर्व हाताने किंवा लाकडी-प्लास्टिकच्या पट्टीने काढून गोणीत भरावे. पाइपात ढकलू नये. लोखंडी थापी आणि तारेचा ब्रश वापरू नये. ओरखड्यांचे एक वेळ सोडा. पण लोखंडाचे बारीक कण पत्र्यात रुतून बसतात आणि महिन्याभरात त्यांचेच तांबडे ठिपके येतात. पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते ओढून तोडण्यात अर्थ नाही, मुळासकट निघाले पाहिजे. सांध्यात राहिलेले मूळ पुढच्या वर्षी सांधा उघडते. घूस-उंदरांची विष्ठा आणि कबुतरांची घाण असते म्हणून कामगाराला हातमोजे आणि तोंडाला फडके द्यावे.

मग साधे पाणी, आणि त्यानंतर भांडी घासण्याचे सौम्य लिक्विड कोमट पाण्यात. नायलॉनचा मऊ ब्रश किंवा सुती चिंधी. (चिंधी आपल्याकडे फुकट पडलेली असते.) खालून वर घासत जावे आणि वरून खाली धुवावे. वरून घासले तर मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भागावर सुकतात आणि ते काढायला वेगळी मेहनत लागते. काम सकाळी करावे. दुपारी पत्रा तापलेला असतो, साबण त्यावर क्षणात वाळतो आणि त्याचाच डाग पडतो. काजळीचे ओघळ एवढ्यानेच बहुतेक निघतात.

काळे ठिपके राहिले तर परीक्षा करावी. कपड्यांना वापरायच्या द्रवरूप ब्लीचचा एक थेंब ठिपक्यावर टाकावा. मिनिट-दोन मिनिटांत तो फिका झाला तर ती बुरशी. तसाच राहिला तर काजळी किंवा धूळ, मग पुन्हा साबणच. बुरशी ठरली तर एक भाग ब्लीच आणि पंधरा भाग पाणी असे मिश्रण स्पंजाने लावावे, पाच मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. ब्लीच हेही क्षारयुक्त असते, जास्त वेळ ठेवले तर अॅल्युमिनियमला घातकच. म्हणून माझी पसंती औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडला आहे. कापडाच्या विरंजनात त्याचा सर्रास उपयोग होतो आणि अॅल्युमिनियमशी त्याचे वैर नाही. पेरॉक्साईड साठवण्याच्या टाक्याच शुद्ध अॅल्युमिनियमच्या करतात. प्रोसेस हाऊसमधले ५० टक्क्यांचे तीव्र पेरॉक्साईड मात्र कोणी आणू नये, त्याने कातडी भाजते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ब्लीचमध्ये ॲसिड, सिरका किंवा अमोनिया असलेले कोणतेही औषध मिसळू नये. ॲसिड आणि सिरका यांच्यामुळे क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनियाबरोबर त्याच जातीचा दुसरा विषारी वायू. शिडीवर उभ्या माणसाला श्वास लागला तर तो खालीच येणार.

लोखंडाच्या तांबड्या डागाला धोबी आणि रंगारी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. ते विषारी आहे. त्यापेक्षा लिंबूसत्त्व बरे. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम घालून फडक्याने लावावे, पाच मिनिटांत धुऊन टाकावे, डाग राहिला तर पुन्हा लावावे. पांढऱ्या भुकटीवरही हेच चालते. रंगीत पन्हळ असेल तर कोणतेही औषध आधी कोपऱ्यात लावून पाहावे, जसा आपण रंगाचा पक्केपणा कापडाच्या टोकावर पाहतो.

धुऊन झाल्यावर बादलीभर पाणी वरच्या टोकाला ओतावे आणि पाहावे. पाणी जिथे थबकते तिथे उतार गेला आहे. दर दहा फुटांना पाव ते अर्धा इंच उतार लागतो. थबकलेले पाणी बुरशीला आणि डासांना आमंत्रण. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि साठलेल्या पाण्याबद्दल महापालिकेचे कीटकनाशक खाते मालकाला नोटीस देते.

सांधे तपासताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अॅल्युमिनियम उन्हाने लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. १०० फूट पन्हळ रात्रीच्या गारव्यापासून दुपारच्या तापापर्यंत ४० अंशांच्या फरकाने एक इंचाहून जास्त लांब होते. सिमेंट किंवा एमसील भरून सांधा कडक केला तर तो फुटणारच. तेथे लवचिक सिलिकॉन हवे, आणि तेही सिरक्यासारखा वास न येणारे, न्यूट्रल म्हणून मिळते ते. वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारे पाणी पन्हळीत सोडू नये. तांब्याचा अंश अॅल्युमिनियमवर पडला की तेथे खड्डे पडतात.

चढणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न पन्हळीपेक्षा मोठा आहे. जुने सिमेंटचे पत्रे वरून धडधाकट दिसतात आणि पाय ठेवताच फुटतात. फळ्या टाकल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणालाही वर जाऊ देऊ नये. त्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते, म्हणून ते कोरडे घासूही नयेत, धूळ फुप्फुसात जाते. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी हमालाच्या पोराला शिडीवर चढवणारे मालक मी पाहिले आहेत. हे पाप आहे.

माल भिजलाच तर

कोरडा दिसणारा सुती कपडाही कोरडा नसतो. व्यापारात सुतासाठी साडेआठ टक्के ओलावा धरलेला आहे, पॉलिएस्टरसाठी अर्धा टक्काही नाही. ओलावा याहून वर गेला आणि हवा कोंडलेली असली की दोन-तीन दिवसांत सुती मालाला वास सुटतो. ग्रे कापडाला धोका जास्त, कारण त्यात कांजी असते आणि बुरशीला कांजीच हवी असते. पूर्वी साइझिंगमध्ये बुरशीवर उपाय म्हणून झिंक क्लोराईड घालीत ते याच कारणाने. म्हणून भिजलेली गाठ ‘पाऊस थांबल्यावर पाहू’ म्हणून ठेवू नये. त्याच दिवशी पट्ट्या तोडून, ताके उलगडून पंख्याखाली टाकावेत. बुरशीचा डाग एकदा सुताच्या आत उतरला की धुण्याने वास जातो, डाग राहतो, आणि धाग्याची ताकदही कमी होते.

मग प्रश्न येतो हा माल विकायचा कसा. बाजारात पाहतो, चांगल्या पट्ट्या बाहेर घेऊन डागी भाग आत घडी करतात. रसूलुल्लाह (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली, व्यापारी म्हणाला पावसाने भिजले. तेव्हा आपण ते भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले. ही हदीस आपण सर्वांनी मदरशात ऐकली आहे आणि ती बरोबर पावसाने भिजलेल्या मालाबद्दलच आहे. डागी माल डागी म्हणून, फेंट म्हणून, कमी भावात विकावा. तो घेणारे गिऱ्हाईक मुंबईत असतेच.

विमा जायज की नाजायज हा मसला उलेमांकडे सोपवतो. ज्यांनी घेतला आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की वादळ-पुराचे नुकसान पॉलिसीत येते, देखभालीअभावी झालेली झीज आणि गंज येत नाही. पन्हळ साफ केल्याची पावती आणि तारखेसह फोटो फायलीत असले तर सर्वेअरशी बोलणे सोपे जाते.

राहिला शेजाऱ्याचा विषय. हजरत अब्बास (रजि.) यांच्या परनाल्याचे पाणी हजरत उमर (रजि.) यांच्या कपड्यांवर पडले, त्यांनी तो काढायला लावला, पुढे तो खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनी लावलेला होता असे कळताच अब्बास यांना आपल्या पाठीवर उभे करून तो परत बसवायला लावला, अशी रिवायत आहे. आपल्याकडे ही हुज्जत १८८२ च्या सुखाधिकार कायद्याखाली कोर्टात जाते आणि छपराचे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत सोडण्याचा हक्क २० वर्षांच्या वहिवाटीवर मागितला जातो. ओळीतल्या गाळ्यांना बहुधा एकच सामाईक पन्हळ असते. एकाने आपले दहा फूट धुऊन मळ पुढे ढकलला तर तो शेजाऱ्याच्या तोंडावर जाऊन बसतो आणि पाणी उलटे फिरून दोघांच्याही गाळ्यात येते. म्हणून वर्गणी काढून पूर्ण ओळ एका दिवशी साफ करावी. एप्रिलच्या अखेरीस एकदा, सोनमोहराची फुले पडून गेल्यावर १५ मेच्या सुमारास दुसऱ्यांदा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला निदान पाइपाच्या तोंडावरची जाळी तरी हाताने मोकळी करावी.